पातेली वाजवायचा दिवस

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाची तयारी दरवर्षी माझ्याकडे असते. खुर्च्या, चहा, लाडू, सगळं वेळेवर होतं. तरी त्या दिवशी मला नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनची आमची शेजारीण मारी आठवते आणि मान खाली जाते.

मारी कॅनडाची. दोन हजार पाचच्या सुमाराला साताऱ्याहून सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा तिनं आम्हाला पंधरा ऑगस्टला जेवायला बोलावलं. कोंबडी-बटाट्याचा गरम रस्सा खाऊन झाल्यावर तिनं आमच्या हातात पातेली आणि डाव दिले.

"कुणाला बाळ झालं का गं, वाजवायला?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

मारी म्हणाली, "आज आम्हा अकेडियन, म्हणजे कॅनडातल्या जुन्या फ्रेंच लोकांचा सण. इंग्रजांनी आमच्या पूर्वजांना गावांतून हाकललं. आम्ही अजून आहोत, हे सांगायला आज रस्त्यावर भांडी वाजवतो."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई ताडकन उठल्या. "आमचं गाव धरणात गेलं, तवा आमी कुणी थाळीसुद्धा वाजवली नाही." आमच्या फ्लॅटमध्ये दबक्या आवाजात बोलणारी ही बाई रस्त्यावर येऊन ठणाठणा पातेलं बडवू लागली. समोरच्या खिडकीत दोन चेहरे आले.

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत की. त्यासाठीच वाजवायचं ना?"

"आपल्याला इथं राहायचंय, आई."

त्यांचा हात थांबला. "काय झालं?" मारीनं विचारलं.

"दमल्या त्या," मी इंग्रजीत म्हणाले.

इंग्रजी न कळताही सासूबाईंनी मला सांभाळून घेत होकाराची मान हलवली.