चिंधीपाशी बसलेली ढोरं

मी शाळेत विज्ञान शिकवते. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारणीशी माझं कधीच पटत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू यायला हवं... येत नाही.

माझं माहेर पांढरकवड्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. धाकटा भाऊ गजू लोकांच्या वावरात मजुरीने फवारणी करायचा. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि अळीच्या धास्तीने जो तो औषधावर औषध मारत होता. फवारताना विष चढलेली माणसं यवतमाळच्या दवाखान्यात भरती होत होती. मी फोनवर गजूला रागवायचे — तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही रे. तो म्हणायचा, "हो वं ताई."

आमच्याकडे फवारणी आटोपली की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडी, रोवून तिला लाल चिंधी बांधतात. मग गावाची ढोरं चारणारा गायकी त्यांना तिकडे वळवत नाही आणि माणूसही आत पाय ठेवत नाही.

त्या रविवारी मी माहेरीच होते. गजू जेवायला आला नाही. माय म्हणाली, "जाय वं, पाहून ये. भाकर घेऊन जाय." तो फवारत होता त्या वावरात गेले, तर धुऱ्यावर चिंधी फडकत होती. म्हणजे काम झालं, स्वारी पंप दुरुस्तीला पांढरकवड्याला गेली असणार. मी परतच फिरणार होते.

पण तिथे ढोरं बसली होती. दुपारी नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली पडून राहणारा गावाचा अख्खा कळप, भर उन्हात, धुऱ्याला लागून. एक बसलं की बाकीची बसतात, हे मी मुलांना शिकवते. पण सगळ्यांची तोंडं कपाशीकडे? आणि रवंथ कोणीच करत नव्हतं.

म्हातारा गायकी भीमाबापू रडकुंडीला आला होता. "ताई, उठूनच नाही राह्यले. इख खाल्लं का काय यायनं? लोक माहा जीव घेतीन." मीही काठी घेतली. मारून मारून आम्ही बहुतेक ढोरं मोहापर्यंत नेली. आमची पाठ वळली तशी ती परत आली आणि त्याच जागी बसली. एक म्हातारी गाय तर वळ उठले तरी हलली नाही, नुसती आत पाहत राहिली.

मी काठी टाकली.

"बापू, गजूले आज गावात कोणी पाह्यलं काय?"

"नाही वं बाई. मले वाटलं घरी असंन."

मी हाका मारत आत शिरले. त्या कपाशीत हातभर पुढचं दिसत नव्हतं. गजू सापडला तेव्हा पंप पाठीवर तसाच होता, तोंडाला फेस, डोळे उघडे... पण ते मला ओळखत नव्हते. मी कधी देवाला हात जोडले नव्हते. त्या दिवशी गाडीत कोणाकोणाला विनवलं, मलाच माहीत नाही.

दवाखान्यात डॉक्टर काही सांगेनात. दुसऱ्या दुपारी बापूचा फोन आला. "ताई, ढोरं आजही तिथंच बसले. हाकलू काय?"

मी, विज्ञानाची बाई, भर व्हरांड्यात ओरडले, "हात लावू नका. बसू द्या त्यायले."

मग रोज दुपारी मीच फोन करायचे. बसली, असं ऐकलं की जिवात जीव यायचा. दुसरं धरायला काहीच नव्हतं हो... आणि एका दुपारी बापू म्हणाला, "आज नाही बसले, ताई. मोहाखाली गेले."

मी वॉर्डच्या दारापर्यंत कशीबशी पोचले. आतून मायच्या रडण्याचा आवाज येत होता. आणि मग दुसरा, घोगरा.

"माय... ढोरं तं नाही शिरले ना वावरात? म्या चिंधी फवारायच्या आंधीच बांधून ठेवलती."

गजूचा एक डोळा गेला, बाकी तो आहे. वास आला असेल म्हणावं, तर वारा ढोरांकडून कपाशीकडे होता. ऐकू आलं म्हणावं, तर गजू म्हणतो, त्याच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. आणि तिकडे दवाखान्यात तो शुद्धीवर आल्याचं त्यांना कसं कळलं, याला तर माझ्यापाशी तर्कही नाही.

माहेरी गेले की मी आधी त्या म्हाताऱ्या गाईकडे जाते. माझी काठी जिथे बसली होती तिथे हात फिरवते. ती खाली बसून रवंथ करत असते, आणि तेवढं पाहिलं की मी घरात जाते.