व्याह्यांना मारलेला दुसरा फटका

साऱ्या आयुष्यात मी एकाच माणसावर हात उगारला. ते आज माझे व्याही आहेत.

(तेव्हा अजून झाले नव्हते. त्याच दिवशी दुपारी चारनंतर व्हायचे होते.)

मी निवृत्त मराठी शिक्षक. घर गुंद गावाच्या पुढे, जंगलातल्या सुपारीच्या बागेत. माझी बायको सुलू सकाळी देवपूजा करायची आणि दुपारी खून बघायची. मुखवटा घातलेला खुनी सुरा घेऊन एकेकाला गाठतो, असले इंग्रजी सिनेमे तिला फार प्रिय. आमची मुलगी मनू ते पेन ड्राइव्हवर आणून द्यायची. सुलूला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानं तिचं कधी अडलं नाही.

त्या दुपारी मनूच्या लग्नाचं ठरायचं होतं. तिला रामनगरच्या संदीपशीच लग्न करायचं होतं, आणि त्याचे वडील बाळाप्पा दोन वर्षं "बघू" एवढंच म्हणत होते. किराणा दुकान चालवणारा करारी माणूस. ते चार वाजता पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते.

"अप्पा, जास्त बोलू नका हं," मनूनं मला बजावलं. धोका माझ्या तोंडापासून आहे, अशी तिची समजूत होती.

स्वयंपाक आटोपला होता. जीव थाऱ्यावर राहावा म्हणून सुलूनं एक सिनेमा लावला आणि फणसाच्या आठळ्या सोलायला बसली. असल्या सिनेमांवर मी दोन लेख वाचले होते. (वाचलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही.)

"सुलू, हा साधा भयपट नव्हे. यातल्या पोरांनी असले सगळे सिनेमे आधीच पाहिलेत. त्यांना नियम पाठ आहेत. एकट्यानं जायचं नाही. 'कोण आहे?' असं विचारायचं नाही. खुनी पडला म्हणजे मेला असं समजायचं नाही. हा सिनेमा स्वतःलाच हसतो आहे."

"येवढं सगळं ठावं हाय, तर मरत्यात कशाला?"

यावर लेखात काही नव्हतं.

अडीचला वीज गेली. बाहेर पावसाळी काळोख, चहूकडे जंगल, मोबाइलला रेंज नाही. सिनेमावाल्यांना एवढी तयारी करायला किती कष्ट पडत असतील! आमच्याकडे ती रोजचीच.

इतक्यात मागच्या दारावर थाप पडली.

मी खिडकीतून पाहिलं. धिप्पाड माणूस. डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ, त्यामुळे चेहरा दिसेना. हातात कोयता. आणि पांढरा लेंगा गुडघ्यापासून खाली रक्तानं लाल!

"कोण—"

सुलूनं माझ्या तोंडावर हात दाबला. "इचारायचं न्हाई!"

"मी बघून येतो."

"येकट्यानं जायचं न्हाई!"

मग आम्ही तिघं एकमेकांचे कपडे धरून निघालो. पुढे मी, मागे सुलू, तिच्या पदराला मनू. वाटेत हाताला लागलं ते शस्त्र मी उचललं. माझ्या घरात वाटेत हाताला पुस्तकच लागतं. तो मराठी शब्दकोश होता, जाडजूड.

आमचं मागचं दार बाहेर उघडतं. मी कडी काढली आणि खांद्यानं सगळा जोर लावला. खाडकन आवाज झाला, कोयता तुळशीपाशी उडाला आणि तो माणूस नारळाच्या सोडणांच्या ढिगात आडवा झाला.

इथं थांबायला हवं होतं! पण सुलू ओरडली, "अवो, उठतोय! परत हाणा!"

आणि तीस वर्षांत एकाही पोराचा कान न पिळलेल्या मी शब्दकोश दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि घातला.

खोळ घसरली.

"अप्पा!" मनू किंचाळली. "हे संदीपचे बाबा!"

पाऊस बघून बाळाप्पा लवकरच निघाले होते, आणि रस्त्यात झाड पडून जीप अडकली होती. त्यांनी ड्रायव्हरची खोळ आणि कोयता घेतला, झुडपं तोडत बागेतून आले, आणि तेवढ्या वाटेत जळवांनी त्यांच्या पायांवर जेवण उरकलं होतं. सुलू जळवांना मीठ लावू लागली. मनूनं कपाळाला हळद लावली. बाळाप्पा माझ्याकडे बघत होते.

"दार लागलं, ते कळलं," ते अगदी शांतपणे म्हणाले. "घाबरला आसशीला. पण पडल्यावर पुस्तक कशाला घातलासा, मास्तर?"

मनूच्या डोळ्यांत दोन वर्षं तरळली. अशा वेळी शहाणा माणूस पाय धरतो. मी म्हणालो, "त्याचं असं आहे, बाळाप्पा. आधुनिक भयपटात..."

दहा मिनिटं बोललो. मनूनं तोंड ओढणीत लपवलं.

"दावा बघू त्यो शिनेमा," बाळाप्पा म्हणाले.

वीज आली. (एरवी ती कधी वेळेवर येत नाही.) ते कपाळावर ओलं फडकं धरून बसले. पडद्यावर पोरीनं खुन्याच्या डोक्यात दिवा घातला, तो कोसळला, आणि ती त्याच्याकडे पाठ करून रडत बसली. खुन्याचं बोट हललं.

बाळाप्पा खुर्चीतून ताडकन उठले. "अगं ए! जित्ता हाय त्यो! परत घाल की!"

ते सावकाश खाली बसले. फडकं नीट केलं.

"वहिनी, च्या टाका," ते म्हणाले. "आणि तारीख बघू या."

लग्न झालं. मग दर गुरुवारी दुकान बंद असलं की बाळाप्पा सिनेमा बघायला येऊ लागले. बागेतूनच ओरडायचे, "मास्तर, मी हाय! हातात काय न्हाई न्हवं?" मग ते आणि सुलू मिळून पडद्यावरच्या पोरांना शिव्या घालायचे. मला बोलायला मनाई होती.

सुलू गेल्या वर्षी गेली. आजार कळला तेव्हापासून पुढचं सगळं मला ठाऊक होतं. मी वाचलं होतं. त्या सिनेमातल्या पोरांइतकाच मलाही त्याचा उपयोग झाला.

दिवसकार्य झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी बाळाप्पा आले. त्यांनी सिनेमा लावला. आम्ही दोघं सुलूची जागा मध्ये सोडून बसलो. थोड्या वेळानं पाहिलं, तर ते टॉवेलनं डोळे पुसत होते. अशा वेळी माणसानं उठून खांद्यावर हात ठेवावा. मलाही तेच करायचं होतं.

"त्याचं असं आहे, बाळाप्पा..." मी सुरुवात केली.

त्यांनी डोळ्यांवरचा टॉवेल न काढता, चाचपडत रिमोट शोधला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.