वाळवंटातल्या वड्या

लेकीच्या बाळंतपणासाठी मी जानेवारीत अमेरिकेला गेले. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. यवतमाळकडं लोहाऱ्याजवळ माझी मिरची-हळद दळायची गिरणी आहे, आणि उन्हाळा म्हणजे तिचा खरा हंगाम. तो सोडून राहणं मला परवडणारं नव्हतं.

लेकीचं गाव वाळवंटात आहे. वाळवंट म्हटल्यावर मी वाळू धरून चालले होते, पण तिथं खडे, पुरुषभर उंच निवडुंग आणि तिन्ही बाजूंना डोंगर. संध्याकाळी डोंगर आधी लाल होतात, मग जांभळे. घरं मातीच्या रंगाची, बैठी, मोठी. माणसं श्रीमंत. दिवसभर रस्त्यावर कोणी दिसत नाही. दार आपोआप उघडतं, मोटार आत जाते, दार बंद होतं. संपलं.

जावई सकाळी जायचे ते रात्री यायचे. लेक घरात, बाळ आणि ती.

"आई, तिकीट पुढे ढकल ना. नाहीतर इथंच राहा," ती एकदा म्हणाली.

"कायले? डोंगर पाहाले?"

"मस्करी नको करू. तू गेली की मी दिवसभर कोणाशी बोलू? भिंतीशी?"

मी रविवारी सांगते म्हटलं. मनात 'नाही' असंच होतं, पण तिचा चेहरा पाहून ते तोंडातून निघेना.

मधल्या दिवसांत मी वाळवणाच्या वड्यांसाठी मूगडाळ भिजवली. एवढं कडक ऊन, धूळ नाही, पाऊस नाही, आणि त्या उन्हाचा कोणाला उपयोग नाही, हे मला बघवत नव्हतं. आमच्याकडे वड्या घालायच्या म्हणजे गल्लीतल्या चार बायका येतात. इथं मी एकटीनंच मागच्या अंगणात जुनी चादर अंथरून वड्या घातल्या. रात्री चादर आत घेतली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा बाहेर ठेवली.

चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात खुडबुड ऐकू आली. पाहते तर चादरीवर रानडुकरांसारखी पाच-सहा जनावरं. आपल्या डुकरांपेक्षा लहान, पण खादाड तेवढीच. यवतमाळकडं डुकरं शेतात शिरली की काय करतात ते मला माहीत आहे. स्टीलची थाळी आणि लाटणं घेऊन मी बाहेर धावले.

"हड! हड! निघा! मेल्यांनो, डाळ काय तुमच्या बापाची हाय?"

जनावरं पळाली. त्या गावात इतका आवाज बहुधा कधी झालाच नसावा. शेजारच्या कुंपणापाशी एक पांढऱ्या केसांची बाई दिसली, अंगात झोपायचा झगा, पायांत एकच चप्पल. मागून लेक धावत आली, कडेवर बाळ.

दोघी इंग्रजीत बोलल्या. मग लेक माझ्याकडे वळली.

"त्यांना वाटायचं, या घरात कोणी राहतच नाही."

"काहून? तू तर केव्हाची राहून राह्यली इथं."

"हो. मीही त्यांना आजच पाहतेय."

बाईचं लक्ष चादरीकडे गेलं. उरलेलं वाटण आत होतं. मी तिला हातानंच 'ये' म्हटलं. ती आली, हात धुऊन बसली आणि वड्या घालू लागली.

"आई, त्यांची वडी बघ," लेक हसत म्हणाली.

"वडी कुठली, गोवरी हाय ते. सांग तिले, लहान घाल म्हणा."

लेकीनं सांगितलं. बाई हसली आणि पुढची आणखी मोठी घातली. मग तिनं बाळाला मागून घेतलं, आणि लेक माझ्या बाजूला वड्या घालायला बसली. बऱ्याच वर्षांनी. तिच्या मात्र एकसारख्या पडत होत्या.

पुढचे दिवस ती बाई सकाळी यायची, आपली खुर्ची आपण घेऊन. चादरीवर राखण करायची आणि लेकीशी बोलत बसायची. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

रविवारी मी स्वयंपाकघरात थांबून राहिले. लेक आली, डब्यात हात घातला.

"आई, डाळ संपली. पुढच्या वेळी किती भिजवू? आम्ही दोघीच असू."

"दोन वाट्या बस झाल्या," मी म्हणाले आणि बॅग काढायला गेले.