उकळलेली कॅप्सूल

ऊर्जानगरात आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या भाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नसेल. वीज केंद्रात बॉयलरला जाणारं पाणी तपासायची नोकरी, त्यामुळे संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळे. पण घरी येताना तो संशय गेटवर ठेवून यावा हे त्यांना कधी जमलं नाही. दूधवाल्याला ते त्याच्याच दुधाचा घोट घ्यायला लावत. कोणी नमस्कार केला की "काऊन बा, काय काम हाये?" म्हणत. मी मुलगा पास झाल्याचे पेढे दिले, तर आधी मला एक खायला लावला.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आतड्याच्या सुजेचं जुनं दुखणं होतं. रक्त पडायचं, दिवसातून दहादा धावावं लागायचं. सावली गावचं माहेर तर बसच्या भीतीनं सुटलंच होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत. नागपूरच्या डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्यांबरोबर एक नवी कॅप्सूल लिहून दिली. दह्यात असतात तसले जिवंत जंतू तिच्यात होते. "फायदा होईलच असं नाही, करून पाहू," असं डॉक्टर सरळ म्हणाले. झालं! डॉक्टरलाच खात्री नाही, आणि वर जंतू, तेही जिवंत!

आठ दिवस भाऊंनी ती कॅप्सूल स्वतःच गिळून पाहिली. काहीच झालं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. मग वहिनींना देताना ते कॅप्सूल फोडत, भुकटी पाण्यात टाकत आणि पाणी खळखळा उकळून, गाळून पाजत. महिन्याभरानं मला ते दिसलं आणि मी कपाळावर हात मारला.

"अहो भाऊ, मेले की सगळे जंतू!"

"मंग? जित्ते जंतू तिच्या पोटात सोडू मी? आधीच रक्त पडून राह्यलं तिले," म्हणत त्यांनी गाळलेलं पाणी उजेडात धरून पुन्हा तपासलं. त्या संशयाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो. त्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

उकळणं थांबलं. हिवाळ्यापर्यंत वहिनी सावरल्या. गोळ्यांनी, कॅप्सूलनी, की दुखणंच दमलं, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. एक दिवस त्या चक्क बसनं सावलीला गेल्या. त्यांना बसवून भाऊ परतले, तेव्हा मी फाटकातूनच ओरडलो, "वहिनी बऱ्या झाल्या की हो!"

ते धावतच आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी माझा हात घट्ट धरला. "हळू बोला ना. दुखन्याले ऐकू जाईन."

मग आम्ही दोघं बराच वेळ धानाच्या कापणीबद्दल बोलत उभे राहिलो, मुद्दाम मोठ्यानं.