रुमालातली जोडवी

तुमची आई फ्रिजवर याद्या लावते आणि तुम्ही तिला त्यावरून चिडवता, हे मला फोनवर कळतं. माझ्या लेकीला ती सवय माझ्याकडूनच लागली आहे. मी पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, नर्सिंगही इंग्रजीतून शिकले, आणि दोन्ही ठिकाणी एकच शिकवण मिळाली: जे लिहिलं नाही ते केलं नाही असं समजावं. नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका खाजगी इस्पितळात अतिदक्षता विभाग माझ्याकडे होता. चार खाटा, श्वास देणारं एक यंत्र, आणि मी. दर खाटेच्या पायथ्याशी यादी असे. त्यातल्या एका यादीमुळे एक बाई जिवाला मुकणार होती. ती यादी माझ्या अक्षरात होती, म्हणून हे तुम्हाला मीच सांगायला हवं.

दिवाळी होऊन गेली होती, साखर कारखाने सुरू झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला इंदापूरच्या एका छोट्या दवाखान्यातून फोन आला. वैरण कापताना एका तरुण बाईच्या डाव्या पायाला नाग चावला होता. विषावरचं औषध सलाइनमधून सुरू होतं, पण पापण्या मिटल्या होत्या, मान पडली होती, श्वास थांबत आला होता. तिथल्या एका बाळंतिणीसाठी आलेल्या भूलतज्ज्ञांनी तिच्या श्वासनलिकेत नळी घातली होती आणि तिला जोडलेला रबरी फुगा ते स्वतः हातानं दाबत बसले होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, आमच्याकडे होतं.

आमचे डॉक्टर हृदयविकाराच्या एका रुग्णापाशी अडकलेले. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जा. तुमच्या हातात ती माझ्या हातापेक्षा सुखरूप राहील." तसं ते नेहमीच म्हणत, काम सांगायचं असलं की.

आमची गाडी म्हणजे मागची बाकं काढलेली मॅटाडोर. ऑक्सिजनचा सिलिंडर, पायानं चालवायचा सक्शन पंप आणि औषधांची पेटी घेऊन ड्रायव्हर आणि मी निघालो. इंदापूरला पोचलो तेव्हा बाळंतीण टेबलावर घेतलेली होती आणि भूलतज्ज्ञ घायकुतीला आले होते. त्यांनी फुगा माझ्या हातात दिला. तुम्ही रबरी चेंडू दाबता तसा तो दाबायचा, की हवा नळीतून फुप्फुसात जाते. सोडला की बाहेर येते. दर चार-पाच सेकंदांनी एकदा, न थांबता. यंत्रापाशी पोचेपर्यंत त्या बाईचा श्वास म्हणजे तो फुगा.

निघण्याआधी मी फुगा तिथल्या नर्सकडे दिला आणि माझी नेहमीची कामं उरकली. नळीची पट्टी नव्यानं चिकटवली. नळी किती आत आहे ते सांगणारा एकवीसचा आकडा दातांपाशी दिसतोय ना ते पाहिलं. पाय सुजत होता, म्हणून त्या पायातलं जोडवं काढलं. तेवढं गरजेचंच होतं. पण नियम सगळे दागिने काढण्याचा होता, म्हणून मी दुसऱ्या पायातलंही काढलं, मंगळसूत्र काढलं, साबणाचं पाणी लावून बांगड्या काढल्या, चमकी काढली. सगळं एका रुमालात बांधून तिच्या सासूच्या हातात दिलं. इंग्रजीत यादी केली आणि खाली सासूचा अंगठा घेतला. दोन मिनिटांचं काम. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

सासू साठीच्या आसपासची, विटलेलं लुगडं, हाताला शेणाचा वास. घरात पूर्वी मेंढरं असत, आता चार जर्सी गाई आणि ऊस, एवढं मला तिथल्या नर्सनं सांगितलं. मुलगा लोणी देवकरला कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. त्याला निरोप धाडला होता, तो अजून आलेला नव्हता. नातेवाइकांनी मागे बसायचं नाही हाही माझा नियम. म्हणून मी तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं.

निमगाव केतकीपर्यंत रस्ता बरा होता. मी फळीवर गुडघे टेकून बसले होते. डाव्या हातानं नळी धरलेली, उजव्या हातात फुगा. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येतेय का ते बघायचं, ओठांचा रंग बघायचा, मध्येच गळ्याला बोट लावून नाडी बघायची. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, बैल बिथरत, गाडीवान शिव्या देत. खड्डा आला की मी नळीवर अंगच टाकायचे. अर्ध्या तासात माझ्या अंगठ्यात गोळा आला. हात बदलायचा तर नळी कोणी धरायची? मी मनात मोजत राहिले.

तेव्हा पुढून सासूचा आवाज आला. अगदी साधा, एसटीत कंडक्टरला सांगावं तसा. "पुढच्या फाट्याला आत घे रं. आमचं गाव तितं हाय."

"बारामतीला चाललोय न्हवं मावशी?" ड्रायव्हर म्हणाला.

"कशाला आता? घरी न्यायची. पोरगं येईस्तोवर दारात तरी असू दे."

मी मागून ओरडले की थांबू नकोस. तरी ड्रायव्हरनं गाडीचा वेग कमी केला. तो त्याच भागातला. आपल्या माणसाचा शेवट घरी व्हावा ही गोष्ट त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फाट्यावर बैलगाड्या आडव्या आल्या आणि गाडी थांबलीच. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला, मग मागचं दार उघडलं. म्हातारी चढून आत आली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात तुळशीचं पान. इंदापूरच्या दवाखान्याच्या दाराशी कुंडी होती, निघतानाच तिनं ते खुडलं असणार. म्हणजे तेव्हापासून ती हे मनात धरून बसली होती, रुमाल मांडीवर घेऊन.

शेवटचं पाणी तोंडात घालायचं, ही आपली रीत. पण त्या बाईचा घसा लुळा पडलेला. तोंडात गेलेलं पाणी तिला गिळताही आलं नसतं आणि खोकूनही टाकता आलं नसतं. आणि माझे दोन्ही हात अडकलेले. एक सोडला तर नळी जाईल, दुसरा सोडला तर श्वास. म्हातारीला अडवायला माझ्याकडे फक्त तोंड होतं.

"मावशी, पाणी घालू नका. ती जिवंत आहे."

"बाई, मी काय लहान हाय व्हय? मेलेल्या जिवात हवा भरताय तुमी."

"कोण म्हणालं ती गेली?"

"तुमीच की." तिनं कमरेचा रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "डाग उतरवून माझ्या हातात दिलं. मंगळसूत्र काढलं. कागदावर अंगठा घेतला. माझा मालक गेला तवा बी असंच केलं हुतं दवाखान्यात. मग तोंडानं कशाला सांगाय पायजे?"

माझा हात फुगा दाबत होता आणि मी त्या गाठोड्याकडे बघत होते. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. इतक्या वर्षांत किती जणांच्या हातांत मी असा रुमाल ठेवला असेल आणि ते कोपऱ्यात बसून रडले असतील, आणि मी चार्ट भरत राहिले असेन.

मी म्हणाले, "मावशी, विषानं तिचं अंग लुळं पडलंय. डोळे उघडत नाहीत, पण तिला ऐकू येतं. आपण बोलतोय ते सगळं."

म्हातारीनं बाटलीचं झाकण फिरवलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तो असावा असं मी काही केलंही नव्हतं.

औषध सुरू होऊन बराच वेळ झाला होता. हातापायांच्या बोटांत थोडी ताकद उरली असेल, असा अंदाज होता. मी त्या बाईच्या कानाशी वाकले. "ऐकू येत असेल तर उजव्या पायाचं बोट हलवा." माझ्या शाळेतल्या मराठीत, स्पष्ट. काही झालं नाही. पुन्हा म्हणाले. पाय तसाच. ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला होता, त्यानं टोपी काढली. त्या टोपी काढण्यानं मी घाबरले. त्या दिवसात तेवढीच एकदा घाबरले.

"तुम्ही हाक मारा," मी म्हातारीला म्हणाले. "एकदाच. मग तुम्हाला करायचं ते करा."

मग तिनं सुनेच्या पायाशी बसून, रोज गोठ्यातून हाक मारत असेल त्या आवाजात सुरुवात केली.

"अगं ए. ऐकतीस का? सांजच्याला धारंला कोण बसणार? ती कपाळाला चांदणी असल्याली जर्सी तुझ्याबिगर कुणाला कासंला हात लावू देत न्हाय. मला लाथ घालती. हितं निजून ऱ्हाशील तर दूध काय डेअरीवाला येऊन काढंल?"

उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर, जोडव्यामुळे ऊन न लागलेला एक गोरा पट्टा होता. तो पट्टा हलला. जरासाच. मला वाटलं गाडीच्या इंजिनानं हलला असेल. मग तो दुसऱ्यांदा हलला, आणि ड्रायव्हर "आयला" म्हणाला.

म्हातारी बोटाकडे बघत राहिली. मग तिनं तुळशीचं पान स्वतःच्या तोंडात टाकलं, चावलं आणि त्यावर बाटलीतलं पाणी प्यायली. टाकून कसं देणार? ड्रायव्हर धावत पुढे गेला.

माझ्या हाताला आता मुंग्या आल्या होत्या, दाब नीट बसत नव्हता. मी विचारलं, "मावशी, धार तुम्ही काढता ना?"

"जन्म गेला त्यात."

"मग इथं या."

नातेवाइकांनी मागे बसायचं नाही हा माझा नियम आधीच मोडला होता. त्या दिवशी मी तिच्या शेणाच्या वासाच्या हातात फुगा दिला. सुरुवातीला तिनं तो कासेसारखा पिळला, आणि भराभर. मी तिच्या हातावर हात ठेवला. "पिळायचं नाही. दाबायचं आणि सोडायचं. तुम्ही श्वास आत घ्याल तेव्हा दाबा. तुमच्याबरोबर तिचा." दहा-बारा वेळा चुकली. मग तिला लय सापडली, आणि त्यानंतर बारामतीपर्यंत तिचा हात एकदाही थकला नाही. माझे दोन्ही हात मोकळे झाले. मी घशातली लाळ ओढून काढली, नाडी मोजली, नळी धरून राहिले. लासुर्ण्याच्या पुढे तिला रडू येऊ लागलं आणि फुग्याचा वेग वाढला. "आत्ता रडू नका," मी म्हणाले, "तिला धाप लागेल." तिनं मान हलवली, नाक पदराला पुसलं आणि संथ झाली.

इस्पितळात यंत्र लावलं तरी ती फुगा सोडायला तयार नव्हती. "लाईट गेली की ह्ये काय करंल?" तिनं विचारलं. जनरेटर आहे असं मी सांगितलं. तिला तो पुरेसा वाटला नाही. मी खाटेशी स्टूल ठेवलं, तिचे हात साबणानं धुवून घेतले आणि फुगा तिच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार्टमध्ये पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. नवरा खाटेशी होता, डोळे सुजलेले. घोगऱ्या आवाजात सून बोलली ती त्याच्याशी नव्हे, सासूशी.

"आत्याबाई, चांदणीवाली जर्सी आटलीया की. दिवाळीच्या आदीच. तिची कसली धार?"

"मला काय सुचत हुतं तवा?"

"मला तेच सांगायचं हुतं, तर तोंड उघडंना."

मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "फाट्याला वळवा म्हणलात ते बी ऐकलं मी." सासूनं सुनेच्या पायावरची चादर सारखी केली, सारखी होती तरी.

घरी जायच्या दिवशी म्हातारीनं रुमाल माझ्यापुढे ठेवला. गाठ इंदापूरला मी मारली होती तशीच होती. "तुमी बांधलं, तुमीच सोडा," ती म्हणाली. "आन् त्या कागदावर काय लिवलंय ते वाचून दाखवा. मी अंगठा कशावर दिला ते तरी कळू दे."

मी कागद काढला आणि एक एक ओळ मराठीत वाचली. ती प्रत्येक वस्तू उचलून सुनेच्या अंगावर घालत गेली. मंगळसूत्र, चमकी, बांगड्या, उजव्या पायातलं जोडवं. डाव्या पायाची सूज उतरली नव्हती, ते जोडवं चढेना. ते तिनं पुन्हा रुमालात बांधलं. ह्या खेपेला गाठ तिनं स्वतः मारली.