दोन ओळींमधला आवाज

साउंड कार्ड देताना दुकानदार म्हणाला होता, "लॅपटॉपला लावा, घरातच स्टुडिओ." घरात स्टुडिओ काही झाला नाही, नुसती घुं झाली. लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडून देणं हा माझा धंदा, म्हणून ते साबणाच्या वडीएवढं खोकं मी हौसेनं आणलं. माइक त्याला लावायचा, ते लॅपटॉपला लावायचं, की आवाज आत. आवाज यायचा, पण मागं सतत घुंऽऽ. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळं तो लाइटीवरच चालायचा, आणि आमच्या घराचं अर्थिंग नावालाच. चार्जर काढला की घुं बंद, पण सोबत लॅपटॉपही बंद.

त्यात बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. आमच्याकडं हळदीचं गाणं दोघी म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, ती संपता संपता दुसरीनं झेलायची. आमच्या घरातली ही जोडी म्हणजे माय आणि काकू, सख्ख्या जावा; काकू धाकटी, मायला 'बाई' म्हणते. पण काकूच्या शेळ्यांनी आमचा हरभरा खाल्ला तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. पोरीला गाण्याविना हळद लागणार, हे मायला सहन होत नव्हतं, आणि काकूच्या दारात जायला पाय उचलत नव्हता. मी ठरवलं, मायचा आवाज इथं घ्यायचा, काकूचा तिच्या घरी, आणि दोन्ही लॅपटॉपात जोडून मांडवात लावायचे.

भिंतींना घोंगड्या टांगून मी मायला माइकसमोर बसवलं. ती एक ओळ म्हणायची, काकूच्या ओळीपुरती थांबायची, मग पुढची. ऐकून बघितलं, तर थांबायच्या जागी नुसती घुं. अर्थिंगसाठी मी अंगणात लोखंडी सळई ठोकली, तिला तार बांधली, बुडाशी मीठ टाकून पाणी ओतलं. माय म्हणाली, "तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं न्हाई, अन् लोखंडाला पाजून राहिला." साउंड कार्डाचा पत्रा हातानं दाबून धरला की घुं कमी व्हायची, म्हणून मी तो धरून बसलो. हात काढला की पुन्हा सुरू. मी त्या खोक्याला मनापासून शिव्या दिल्या. मायचं एकच, "नाचता येईना, अंगण वाकडं."

शेवटी तिसऱ्या दिवशी मी सोपा उपाय काढला. मायचे शब्द तेवढे ठेवले आणि मधल्या जागेतला सगळा आवाज पुसून टाकला. एकदम स्वच्छ. मग सगळं बोचकं उचलून काकूकडं गेलो. लग्नाचं म्हटल्यावर ती लगेच बसली, पोरगी तिच्याच मांडीवर वाढलेली. हेडफोन लावून तिनं मायची ओळ ऐकली आणि झेलायला गेली, तर उशीर झाला. पुन्हा केलं, तर आधीच सुरू झाली. किती वेळा केलं देव जाणे. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. माझा पारा चढला. "काकू, जन्मभर म्हणलीस हे गाणं. आताच काहून जमत न्हाई?"

"कुठून उचलू?" काकूही तडकली. "बाईनं श्वास घेतला की मला कळतं, आता माझी पाळी. इथं तर ती श्वासच घेत न्हाई. काय केलं तू?"

मी चिडूनच न पुसलेलं गाणं लावलं. म्हटलं, ऐक मग ती घुं, तुझेही कान किटू देत. काकूनं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. पहिली ओळ संपली, तिनं तोंड उघडलं नाही. दुसरी संपली, तिसरी संपली. मला वाटलं, ही आता गाणं म्हणणारच नाही.

"हिला दम लागून राहिला," ती म्हणाली. "ओळ पुरी व्हायच्या आधीच श्वास तुटून राहिला. कधीपासून हाय हे? डॉक्टरला दाखवलं का?"

मी मायसोबत एका घरात राहतो. तिचं ते धापणं मी तीन दिवस मोठ्या आवाजात ऐकलं होतं, आणि घुंसोबत पुसून टाकलं होतं. मला स्वतःचाच संताप आला.

काकूनं हेडफोन माझ्या मांडीवर टाकला आणि चपला घालून आमच्या घराकडं निघाली. मी वायरी गोळा करत मागं पळालो. माय ओसरीवर बाजेवर बसली होती. काकूला बघून तिनं तोंड फिरवलं, पण उठून आत गेली नाही.

काकू बाजेच्या कडेला टेकली. "बाई, लांब ओळी म्या टाकते," ती म्हणाली. "तुमी नुसत्या झेला. तेवढा दम पुरंल तुमाला."

मायनं पाय आवरून तिला नीट बसायला जागा दिली.