फाटकाच्या वहीतलं ‘भा॥’

“बाई, आईचं गाव तेवढं सांगा. बाकी मला काय नको.”

योहान माझ्या टेबलापलीकडे बसले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, राहणार पिंपरी पेंढार. त्यांची आई, मार्थाआजी, नव्वदीला टेकलेली. ती लहानपणी जुन्नरकडच्या एका मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. आश्रम कधीच बंद झाला होता. त्याचा इतिहास छापायचं ट्रस्टनं ठरवलं, आणि जुन्या वह्या वाचायला माझ्याकडे आल्या.

मी मोडी वाचते. मोडी म्हणजे आपलीच मराठी, पण घाईनं लिहायच्या लिपीत. आधी ओळभर रेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरं ओवत जायची. शब्द तोडत नाहीत. कारकून तर पहिलं अक्षर लिहून पुढे दोन रेघा मारून मोकळे होत. मु॥ म्हणजे मुक्काम. बाकीचं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं.

दाखल्याच्या रजिस्टरात आजी सापडली, बाप्तिस्म्याआधीच्या नावानं. नंबर सदतीस. ‘भागू. वय अदमासे चार. आईबाप पटकीने मयत. भावाने आणून सोडली. मु॥’ आणि पुढे भोक. वाळवीनं नेमकं गाव खाल्लेलं.

“भावानं सोडली हे आई बी सांगती,” योहान म्हणाले. “फाटकात सोडलं आन् गेला, परत तोंड न्हाई दावलं. अजून शिव्या घालती त्याला.”

गाव मिळत नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते उठले, पण जाताना म्हणाले, “दुसऱ्या वह्या असतील की, बाई.”

होत्या. त्यातली एक फाटकाची वही. कोण आलं, काय आणलं, याच्या नोंदी. ती मी चाळली होती. तिच्यात अधूनमधून एक ओळ यायची: ‘भा॥ ३७ शिनोली’, पुढे एखादी वस्तू, शेवटी ‘प॥’, म्हणजे परत. मी ‘भा॥’ म्हणजे भाजी लावलं. शिनोलीचा कुणी भाजीवाला, सदतीस शेर भाजी, वर आणखी एखादा जिन्नस, माल खराब निघाला म्हणून परत. ट्रस्टच्या सेक्रेटरींना मी तसं टाइप करून पाठवूनही दिलं होतं.

योहान गेल्यावर ती पानं पुन्हा काढली. स्कॅन झूम केला. अक्षरात चूक नव्हती. मग आकड्याकडे बघत बसले. अकरा नोंदी, आणि दर वेळी सदतीसच शेर? कुठला भाजीवाला इतकं नेमकं तोलतो? आणि दर वेळी परत गेलेला माणूस पुन्हा येतो कशाला?

मग लख्ख कळलं. सदतीस हे वजन नव्हतं. तो मुलीचा नंबर होता. ‘भा॥’ म्हणजे भाऊ.

मी हात धुतले, पाणी प्यायले आणि अकराच्या अकरा नोंदी पहिल्यापासून परत उतरवल्या.

भावाला परत का पाठवत, याचं कारण त्याच वहीच्या पहिल्या पानावर होतं. आश्रमाचा नियम: नातेवाइकांनी वर्षातून एकदा, नेमल्या दिवशीच भेटावं. भेट झाली की मुलं रडतात आणि पळून जातात. तो दिवस भावाला कुणी सांगितला की नाही, ते वहीत नव्हतं; तो बाजाराच्या दिवशी यायचा. शिनोलीहून, बहुधा पायी. आणलेलं आत घ्यायचे, त्याला फाटकातून परत पाठवायचे.

मी सेक्रेटरींना फोन केला. ते सज्जन गृहस्थ, पण घाबरले.

“मॅडम, हे पुस्तकात नको. मिशनची बदनामी होईल.”

“त्यांनी शंभर पोरं जगवली, तेही लिहिलंय ना मी?”

“लिहिलंय.”

“मग हेही लिहायचं. नाहीतर माझं नाव काढा आणि वह्या घेऊन जा.”

“बघतो,” म्हणाले.

रविवारी मी पिंपरी पेंढारला गेले. आजी ओसरीवर बसली होती. ऐकू कमी यायचं, म्हणून योहान तिच्या कानाशी बसले. मी सांगितलं, “आजी, तुमचं गाव शिनोली. आणि तुमचा भाऊ आला होता. अकरा वेळा.”

“कोन?”

“दादा तुजा,” योहान मोठ्यानं म्हणाले. “येत व्हता. सोडत नव्हते आत.”

आजीनं माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मग मला म्हणाली, “वाच.”

मी एकेक वाचली. गूळ. शेंगा. बोरं. गूळ. एका नोंदीत वस्तूच्या जागी ‘काही नाही’ होतं. तिथं योहान उठून आत गेले.

“बोरं आठवत्यात मला,” आजी म्हणाली. “मिशनच्या बाईनं दिली असं वाटायचं.” मग विचारलं, “मंग यायचा का थांबला?”

शेवटची नोंद होती, ‘भा॥ ३७ शिनोली. पलटणीत जातो म्हणे. निरोप. प॥’. निरोप काय होता ते कारकुनानं लिहिलं नव्हतं.

“लई बोलले मी त्याला,” आजी म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला. मग योहानला हाक मारली. “उद्याच गाडी कर. शिनोलीला जायचं.”

गेले ते. मीही बरोबर होते. वहीत भावाचं नावच नाही, नुसता बहिणीचा नंबर, त्यामुळे तिथं त्याचा माग लागला नाही. म्हातारी माणसं म्हणाली, पलटणीत गेलेले दोघं-तिघं परत आले नव्हते. आजी गावच्या रस्त्यावर खाली उतरली, दोन्ही बाजूंची घरं नीट बघून घेतली आणि गाडीत येऊन बसली.

पुस्तक छापून आलं. अकरा नोंदींचं पान त्यात आहे, नियमासकट. सेक्रेटरींनी एक शब्दही कापला नाही. बदनामी काही झाली नाही. उलट दोन घरांतून फोन आले, आमच्या माणसाचं कुणी आलं होतं का ते बघा म्हणून. ते काम सध्या चालू आहे.

मोडी शिकायला येणाऱ्यांना मी आता एक गोष्ट बजावते. संक्षेप समजला असं वाटलं की शेजारचा आकडा तपासा. आकडा पटत नसेल, तर कारकुनाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा चुकलेले आपणच असतो.